गजकर्णावरची घरगुती औषधे: टाकळा, दादमर्दन आणि गोव्याची भुकटी

मृगात पेरणी होऊन आर्द्रा-पुनर्वसूच्या सुमारास लावणीला तोंड लागले, की कोकणात शेतकऱ्याच्या घरातली सारी माणसे चिखलात उतरतात आणि पुढचे कित्येक आठवडे त्यांच्या अंगावरचे वस्त्र असे पूर्ण वाळतच नाही. कमरेला आवळलेला कासोटा ओला, इरल्याखाली घामाने भिजलेली चोळी ओली, आणि रात्री चुलीच्या धगीवर दोरीला टाकलेले लुगडे सकाळी नेसायला घ्यावे तर तेही दमटच. अशा दिवसांत पायाच्या बेचक्यांत चिखल्या होतात, मानेवर आणि काखेत घामोळे उठते, आणि जांघेत, कमरेच्या आवळणीखाली किंवा पोटरीवर प्रथम डाळीएवढा लालसर ठिपका दिसून तो दिवसागणिक वर्तुळाकार पसरू लागतो. त्याचा मध्यभाग निवळत जातो, कड मात्र उंच, खवलेदार आणि जागती राहते. आणि दिवसा कामाच्या धांदलीत विसरलेली खाज रात्री अंथरुणाची ऊब लागताच असह्य होते. हेच गजकर्ण, कोणी त्याला नायटाही म्हणतात. या रोगाने माणूस मरत नाही, म्हणून बखरींत त्याचा उल्लेख नाही आणि मृत्युनोंदीच्या तक्त्यांत त्याला रकाना नाही. परंतु पिढ्यान् पिढ्या ज्याने या मुलखातल्या कष्टकरी माणसांची झोप नासली, त्या उपद्रवावर घरोघरी काय लावले जात होते, याचा मागोवा घेऊ लागले असता तो परसातल्या उकिरड्याजवळून निघून थेट ब्राझीलच्या अरण्यापर्यंत आणि तेथून युरोपातल्या रसायनशाळांपर्यंत जातो. तो मागोवा येथे थोडक्यात नोंदविण्याचा विचार आहे.

शास्त्रकारांनी या व्याधीकडे क्षुल्लक म्हणून कधी पाहिले नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पन्नास महाकषायांची जी गणना आहे, तीत कंडूघ्न, म्हणजे खाज शमविणाऱ्या, द्रव्यांचा एक स्वतंत्र वर्ग असून चंदन, नलद, बहावा, करंज, कडुनिंब, कुडा, मोहरी, ज्येष्ठमध, दारुहळद आणि नागरमोथा अशी दहा द्रव्ये त्यात सांगितली आहेत. आणि त्याच स्थानातल्या आरग्वधीय अध्यायात बहाव्यापासून आरंभ करून बत्तीस लेप दिले आहेत, त्यांतले पुष्कळसे त्वग्रोगांवरचेच आहेत. दद्रू, म्हणजे आपले गजकर्ण, चरकाने क्षुद्रकुष्ठांत घातले, तर सुश्रुताने महाकुष्ठांत. अंगावर एकाएकी गांधी उठून तासाभरात मावळणारे जे पित्त, त्याला माधवनिदानात शीतपित्त, उदर्द आणि कोठ या नावांखाली वेगळा अध्याय मिळाला. हे ज्ञान पोथ्यांतून शिकलेल्या वैद्याकडे आणि वैद्याकडून घरातल्या वडीलधाऱ्या बायकांकडे हळूहळू झिरपत आले. पुढे नाशिकास 1907 साली आयुर्वेद महामंडळ स्थापन करणाऱ्या शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या ‘आर्यभिषक्’ या ग्रंथाने ते छापील मराठीत आणून साक्षर कुटुंबांच्या फडताळात ठेवले.

घरगुती उपचारांविषयी आज जे बोलले जाते त्यात एक गोष्ट बहुधा निसटते, आणि ती मला फार मोलाची वाटते. जुन्या घरात ‘खाजेवरचे औषध’ असे एक सरसकट औषध नव्हते. खाज कसली आहे याचा निवाडा आधी होई आणि मग औषध ठरे. पित्त उठले तर आमसुले पाण्यात कोळून ते आंबट पाणी अंगाला चोळीत, आणि त्याचेच सार करून पोटात देत. घामोळ्यावर सहाणेवर उगाळलेले चंदन. चिखल्यांवर मेंदीचा ओला पाला वाटून बेचक्यांत भरीत. खरजेवर करंजेल, आणि ते पुरेसे न पडले तर गंधक; ज्यांना जाता येई ते वज्रेश्वरीच्या, उन्हवऱ्याच्या किंवा राजापूरजवळच्या उन्हाळ्याच्या कढत कुंडांत स्नाने करून येत. आणि वर्तुळ धरून वाढणाऱ्या गजकर्णावर टाकळा. पित्तावर कोणी टाकळा लावीत नसे आणि गजकर्णावर कोणी आमसुलाचे पाणी चोळीत नसे. सूक्ष्मदर्शक यंत्र डोळ्यांनी न पाहिलेल्या बायकांनी केवळ डोळ्यांच्या आणि बोटांच्या अनुभवावर केलेले हे वर्गीकरण आजच्या त्वग्विज्ञानाशी पुष्कळ अंशी जुळते, ही साधी गोष्ट नव्हे: पित्त ही शरीराची प्रतिक्रिया, घामोळे ही तुंबलेल्या घामाची पीडा, खरूज हा सूक्ष्म किड्याचा उपद्रव, आणि गजकर्ण ही कातडीच्या वरच्या थरातल्या केराटिनावर जगणारी बुरशी. त्या बुरशीची ओळख युरोपाला एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकांत पटली.

टाकळा कोकणात लावावा लागत नाही. पहिल्या पावसाबरोबर तो वाटेच्या कडेला, गोठ्यामागे, पडीक वाफ्यांत आपोआप उगवतो. कोवळा असताना त्याची भाजी करतात, आणि जून झाला की त्याच्या पानांना उग्र वास येऊ लागतो आणि गुरेही त्याला तोंड लावीत नाहीत. संस्कृत ग्रंथांत चक्रमर्द, एडगज, प्रपुन्नाट या नावांबरोबर दद्रुघ्न असे जे त्याचे नाव येते, त्यावरून त्याचा उपयोग किती जुना असावा याचा अदमास होतो. पावसाळा सरता सरता पिवळी फुले गळून लांब, बारीक, वाकलेल्या शेंगा धरतात आणि त्यांत तपकिरी, तकतकीत, दोन्ही टोकांना तिरके छाटल्यासारखे कठीण बी निघते. हे बी वाळवून चिंधीच्या पुरचुंडीत बांधून ठेवीत. प्रसंग आला म्हणजे मूठभर बी दोनतीन दिवसांच्या आंबट ताकात रात्रभर भिजत घालीत. सकाळपर्यंत ते फुगून बोटाखाली दबू लागे, मग पाट्यावर त्याच ताकाच्या शिंतोड्यांनी वाटून चिकट, पिवळसर, उग्र वासाचा लगदा करीत. काही घरांत ताकाऐवजी लिंबाचा रस. चट्टा खरखरीत फडक्याने पुसून, कडेच्या बाहेर बोटभर कोऱ्या कातडीवरही येईल असा तो लेप बसवीत आणि वाळेपर्यंत राहू देत. लेप पडताच चरचरे, नंतर तासभर आग होई आणि मग खाज उतरे. हा क्रम एकदा करून भागत नसे. चट्टा दिसेनासा झाल्यावरही काही दिवस लेप चालू ठेवण्याची जी वहिवाट होती, तिच्या पाठीमागे बुरशी वरून दिसेनाशी झाली तरी कडेच्या थरात शिल्लक असते हा अनुभव असला पाहिजे. कोवळ्या मुलांच्या कातडीला आणि चेहऱ्याला मात्र हा लेप सोसत नाही.

दादमर्दन हे या गोष्टीतले दुसरे झाड. ते मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातले, टाकळ्याच्याच कुळातले, पण माणसाच्या उंचीच्या वर जाणारे, मोठ्या जोडपानांचे आणि सोनेरी पिवळ्या उभ्या तुऱ्यांचे. काजू, पपई, अननस यांच्याप्रमाणे तेही समुद्रापलीकडून या किनाऱ्यावर आले आणि बागांच्या कुंपणाशी रुजले. ज्या घरात टाकळ्याची रीत होती त्या घराला या नव्या झाडाचा उपयोग समजण्यास वेळ लागला नाही. ओली पाने ठेचून लिंबाच्या रसात कालवून चोळली की तोच गुण. हिंदुस्थानात नांदू लागल्यावर त्याला जे नाव पडले त्यातच त्याचे काम सांगितलेले आहे.

तिसरे झाड येथे कधी आलेच नाही. आली ती केवळ त्याची भुकटी, आणि तिचा वृत्तांत या साऱ्या इतिहासात विलक्षण आहे.

पोर्तुगीजांच्या अमदानीत लिस्बन, गोवा आणि ब्राझील हे तीन मुलूख एकाच राजसत्तेच्या आणि एकाच जलमार्गाच्या दोरीत ओवलेले होते. गोव्याहून परतणारी गलबते ब्राझीलच्या बाहिया बंदरास लागत आणि बाहियाचा तंबाखू गोव्यात येऊन खपे. या दळणवळणात एक पिवळसर, कडू भुकटीही गोव्यात पोहोचली. बाहियाच्या अरण्यात अरारोबा नावाचा एक उंच वृक्ष आहे. त्याच्या खोडाच्या पोकळ्यांत आणि भेगांत ही भुकटी साठते. झाड पाडून, त्याचे ओंडके करून, ते चिरून कुऱ्हाडीने ती खरवडावी लागे, आणि खरवडणाऱ्यांचे डोळे नि चेहरे तिच्या धुळीने सुजत. खोडातून काढली तेव्हा ती फिकट पिवळी असते. हवा लागत जाते तसतशी मळकट तपकिरी, शेवटी जांभळट होते. गोव्यात ती चिमूटभर घेऊन शिरक्यात किंवा लिंबाच्या रसात कालवून गजकर्णावर लावीत, आणि अनेकदा टाकळ्याला आठवडे लागत तेथे ही भुकटी काही दिवसांत काम करी. तिचा एक त्रास असा, की लावलेल्या जागेचे कापड डागाळे, आणि तो डाग घालवावयास साबण लावावा तर क्षाराच्या स्पर्शाने तो अधिकच लालजांभळा होऊन कायमचा बसे.

गोव्याहून ही भुकटी मुंबईस येऊ लागली आणि चढ्या किमतीला विकली जाऊ लागली. ती कोठून येते, कशापासून होते, हे विकणारे सांगत नसत. गोव्याला अशा गुप्त औषधांची परंपरा होतीच: सतराव्या शतकात तेथल्या गास्पार आंतोनियो नावाच्या जेझुइट बंधूने तयार केलेले ‘गोव्याचे दगड’ युरोपभर विषहारक म्हणून सोन्याच्या जाळीदार डब्यांतून मिरवले गेले आणि त्यांची कृती संघाने आपल्या हाती राखली. मुंबईतही ही वृत्ती अपरिचित नव्हती, डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या लोकहितदक्ष पुरुषानेही महारोगावर योजलेले आपले कडूकवठीचे तेल बराच काळ प्रकट केले नव्हते. औषध गुप्त ठेवल्याने त्याला तेज चढते, असा समज त्या काळी सार्वत्रिक होता. मला तो समज घातक वाटतो, आणि गोव्याच्या भुकटीची पुढची हकीकत त्याला साक्ष आहे.

1864 साली मुंबईतले औषधविक्रेते केम्प यांनी लंडनच्या औषधव्यवसायाच्या नियतकालिकात या भुकटीविषयी लिहिले आणि इंग्रज वैद्यकाचे तिच्याकडे प्रथम लक्ष वेधले. दहा वर्षांनी, 1874 साली, कलकत्त्याचे प्रसिद्ध डॉक्टर जोसेफ फेअरर यांनी गजकर्णावरील तिचा गुण वर्णन करून तिचे एक नाव ‘बाहियाची भुकटी’ असेही आहे, असे नमूद केले. तो लेख खुद्द बाहियात डॉ. दा सिल्वा लिमा यांच्या वाचनात आला आणि 1875 साली त्यांनी जगाला कळविले, की गोव्याची म्हणून जी भुकटी तुम्ही दुर्मीळ मानता, ती आमच्याकडे सामान्य जनतेला ठाऊक असलेली अरारोबा होय. इतकी वर्षे जिचे मूळ एका शहराच्या नावाआड झाकले गेले होते, तिचा उलगडा एका मासिकाच्या पानावर झाला. त्याच वर्षी रसायनज्ञ अ‍ॅटफिल्ड यांनी पृथक्करण करून तिचा बहुतेक भाग क्रायसोफॅनिक आम्ल आहे असे सांगितले. हे आम्ल रेवाचिनीतून आधीच परिचित होते. पुढे 1878 साली लीबरमान आणि झायडलर यांनी दाखविले, की भुकटीतला मुख्य पदार्थ वेगळा असून हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन त्याचे क्रायसोफॅनिक आम्ल बनते. त्याला क्रायसारोबिन हे नाव मिळाले. भुकटीचा रंग हवेत का काळवंडत जातो याचे कारणही त्याबरोबर कळले.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. टाकळ्याच्या बियांत रसायनशास्त्रज्ञांना जी द्रव्ये सापडली, दादमर्दनाच्या पानांत जी सापडली आणि अरारोबाच्या भुकटीत जी सापडली, ती सारी एकाच अँथ्राक्विनोन कुळातली, आणि क्रायसोफॅनॉल हे तर तिन्हींशी संबंधित. मालवणच्या परसात आंबट ताकात बी वाटणारी बाई, गोव्यात शिरक्यात भुकटी कालवणारा गृहस्थ आणि बाहियाच्या अरण्यातला लाकूडतोड्या, यांपैकी कोणाला दुसऱ्याची वार्ता नसताना तिघांचे हात एकाच द्रव्याकडे गेले होते. परंपरागत ज्ञानाचा एरवी जो पोकळ गौरव चालतो, त्यापेक्षा ही एक गोष्ट मला अधिक बोलकी वाटते.

भुकटीचा प्रवास तेथे थांबला नाही. 1876 साली लंडनचे त्वग्रोगचिकित्सक बाल्मानो स्क्वायर यांना एका रोग्यावरून दिसले, की गजकर्ण समजून ही भुकटी लावली असता प्रत्यक्षात सोरायसिस असलेले चट्टे नाहीसे होतात. त्यांनी तिचे मलम केले आणि सोरायसिसवरील उपचारांचा एक नवा मार्ग उघडला. पहिल्या महायुद्धात ब्राझीलहून येणारा माल जर्मनीत मिळेनासा झाला, तेव्हा तेथल्या रसायनज्ञांनी क्रायसारोबिनासारखेच एक द्रव्य कृत्रिम रीतीने सिद्ध केले. 1916 साली गालेव्स्की आणि उना या डॉक्टरांनी त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. डिथ्रॅनॉल या नावाने ते आजही सोरायसिसच्या रोग्यांना दिले जाते, आणि कपड्यांवर त्याचे तसेच जांभळट डाग पडतात.

हिंदुस्थानात मात्र अव्वल इंग्रजीनंतरच्या काळात या रोगाला एक अन्यायाचे नाव चिकटले. जांघेतल्या गजकर्णाला इथले गोरे लोक ‘धोबी इच’ म्हणू लागले. पलटणीतल्या शिपायाला खाज सुटली की कपडे धुणारा परीट दोषी. कपड्यांतून ही बुरशी पसरू शकते हे खरे. पण जो परीट खार लावून कपडे भट्टीत तासन् तास वाफवी, त्याच्या भट्टीतून बुरशीने जिवंत निघणे अवघड होते. जाड गणवेश, आवळ पट्टा आणि मुंबईचा दमट उन्हाळा या खऱ्या कारणांना नाव देण्यापेक्षा एका हीन लेखलेल्या व्यवसायाला ते देणे सोयीचे झाले, आणि इंग्रजी वैद्यकग्रंथांनी ते पुढे दीर्घकाळ चालविले. मुंबईच्या गिरण्या उभ्या राहिल्यावर चाळीच्या एका खोलीत दहा-दहा माणसे राहू लागली, साच्याजवळच्या दमट उष्णतेत पाळ्या करू लागली आणि एका नळावर पंचवीस बिऱ्हाडांचे धुणे होऊ लागले, तेव्हा गजकर्णाने गावाकडून शहरात बिऱ्हाड केले. आणि टाकळा मात्र गावीच राहिला.

शहरात त्याच्या जागी दवाखान्याचे मलम आले. लंडनच्या आर्थर व्हिटफील्ड यांनी 1907 साली बेंझॉइक आणि सॅलिसिलिक आम्लांचे जे मलम योजले, ते सरकारी दवाखान्यांतून मातीच्या मोलाने मिळे; चरचरण्यात ते टाकळ्याला हार जात नसे आणि गुणातही नसे. 1958च्या सुमारास ग्रिसिओफुल्विनची गोळी आली आणि पोटातून घेण्याचे पहिले खात्रीचे औषध मिळाले. पुढे क्लोट्रिमॅझोल आणि त्याच्या मागून इतर मलमे आली. रोग संपला असे वाटण्याजोगे दिवस होते.

तो संपला नाही, उलट गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्याने जो जोर धरला आहे तसा तो जुन्या डॉक्टरांनी पाहिला नव्हता. 2020 साली नाव दिलेली ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही बुरशी नेहमीच्या औषधांना दाद देत नाही, आणि तिच्या नावातच हिंदुस्थान आहे. याला कारणे अनेक असली तरी एक कारण त्वचारोगतज्ज्ञ एकमुखाने सांगतात: चिठ्ठीवाचून विकली जाणारी मिश्र मलमे. त्यांत बुरशीनाशकाबरोबर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन यांसारखे जहाल स्टिरॉइड असते. त्याने खाज एका रात्रीत थांबते, वर्तुळाची कड पुसट होते, घेणारा समाधान पावतो, आणि दबलेल्या प्रतिकाराखाली बुरशी मांड्यांवर, पोटावर, घरातल्या दुसऱ्या माणसांवर पसरत राहते. महिन्याने तोच माणूस तीच नळी पुन्हा मागतो. टाकळा वाटणाऱ्या बाईला आपण काय लावतो हे ठाऊक होते, कारण तिने ते उकिरड्याजवळून स्वतः खुडून आणले होते. गोव्याची भुकटी घेणाऱ्याला ठाऊक नव्हते, आणि आजच्या नळीतले द्रव्य तिच्यावर बारीक अक्षरांत छापलेले असूनही बहुतेकांना ठाऊक नसते. 2018 साली केंद्र सरकारने स्टिरॉइडयुक्त मलमे चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली, पण दुकानाच्या फळीपर्यंत तो हुकूम अजून पुरता पोहोचलेला नाही.

म्हणून वाचकांना विनंती इतकीच आहे. आमसुलाचे पाणी, चंदनाचा लेप, रोजच्या रोज धुऊन कडक उन्हात वाळविलेले सैल सुती कपडे, यांनी पित्ताची आणि घामोळ्याची खाज घरच्या घरी खुशाल शमवावी. गांधींबरोबर ओठ सुजले किंवा श्वास कोंडू लागला तर मात्र घटकाभरही न थांबता दवाखाना गाठावा. पण चट्टा वर्तुळाकार वाढू लागला असेल, तर कोणी सांगितलेली नळी लावण्यापूर्वी तिच्यावरची नावे वाचावीत, तीत स्टिरॉइड आढळले तर ती परत करावी, आणि घरातल्या ज्यांना ज्यांना खाज आहे त्या सर्वांनी एकाच वेळी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवून त्यांनी सांगितलेले औषध सांगितलेल्या मुदतीपर्यंत पुरे करावे.